न दुखणाऱ्या पायांच्या चपला

"तुम्ही मिशनच्या इस्पितळात काय होतात?" असं कोणी विचारलं की मी सांगतो, चपला बनवायचो. समोरचा माणूस क्षणभर माझ्या पायांकडे बघतो आणि मग विषय बदलतो. काही जणांना वाटतं मी विनय करतो आहे, खरं तर क्लार्क असणार. मी बी.ए. आहे, पुस्तकं वाचतो, चष्मा लावतो. पण खरोखरच मी उभं आयुष्य चपला बनवल्या. कुष्ठरोगातून बऱ्या झालेल्या, पण पायाला बधिरपणा राहिलेल्या माणसांसाठी.

या अंकाच्या संपादकांनी हे लिहायला सांगून बरेच महिने झाले. लिहायचं माझ्या बायकोने, एस्तेरने, असं आमच्या घरात ठरल्यासारखं होतं. ती त्याच इस्पितळात नर्स होती, जखमांच्या ड्रेसिंगची खोली तिच्याकडे. तिने अर्ध्या पानात सांगितलं असतं. ती गेल्या वर्षी वारली. छातीत जळजळतं आहे, पित्त असेल, असं म्हणत तिने घरातली धुणी वाळत घातली. ज्यांना दुखत नाही त्यांना "दुखणं ही देवाची देणगी आहे" असं रोज सांगणाऱ्या बाईने स्वतःचं दुखणं मनावर घेतलं नाही. आता मलाच लिहायला हवं. एक वाक्य लिहितो, उठतो, पाणी पितो, पुन्हा बसतो.

आधी कामाचं सांगतो. कुष्ठरोगाने हातपाय झडतात अशी समजूत आहे. तसं नसतं. हा रोग जाणिवेच्या शिरा मारतो, त्यामुळे पायाला काही कळत नाही. तुमच्या चपलेत खडा गेला तर तुम्ही दोन पावलांत थांबता. बधिर पायाचा माणूस त्या खड्यावर बाजार करून येतो. गोळ्यांनी रोग बरा होतो, माणूस दुसऱ्याला लागण करू शकत नाही, पण मेलेली शीर परत येत नाही. मग जखम होते, चिघळते, हाडापर्यंत जाते आणि एक दिवस डॉक्टर म्हणतात, आता कापावं लागेल.

म्हणून आमची चप्पल. तिचा पायाखालचा थर विशिष्ट रबराचा. आम्ही त्याला एमसीआर म्हणायचो. अंगठ्याने दाबलं तर दबलं पाहिजे, पण तळाला भिडता कामा नये. खाली जाड कडक सोल. खिळा, चूक, टाचणी काही नाही, सगळं शिवून आणि चिकटवून. मागे पट्टा हवाच, कारण बधिर पायातून चप्पल गळून पडली तरी माणसाला पत्ता लागत नाही. नवी जोडी घालून रोग्याला व्हरांड्यात चालवायचं, मग खाली बसून त्याच्या तळपायावरून हाताची मागची बाजू फिरवायची. जिथे हाताला गरम लागेल तिथे उद्या जखम. थोडक्यात, ज्याचा पाय त्याला काळजी नसते. ती दुसऱ्या कोणी करायची असते. माझा पगार त्या काळजीचा होता, असं एस्तेर चिडवायची.

गिऱ्हाइकं एकेक असायची. नरडाण्याकडचे एक नाना नवी चप्पल नेऊन धान्याच्या कोठीत ठेवायचे, उंदरांनी खाऊ नये म्हणून. "अहो, घाला ना!" म्हटलं तर म्हणायचे, "लग्नसराईले घालसू." एक मुसलमान चाचा, पेटी-कपाटं बनवणारे, माझं शिवण तपासून नापसंतीने मान हलवायचे आणि सांगायचे, "टाका अजून बारीक, बेटा." त्यांचं बरोबर असायचं. एका माणसाने तक्रार केली की एक पाय जड वाटतो. पाहिलं तर सोलमध्ये बाभळीचा काटा आरपार जाऊन तळव्यात बसलेला. तो माणूस हसत होता. मला मात्र त्या दिवशी जेवण गेलं नाही.

वडील मास्तर होते. मी हे काम धरलं तेव्हा ते बरेच दिवस माझ्याशी बोलले नाहीत. आमच्या घराण्यात पूर्वी चामड्याचं काम होतं. आजोबा ख्रिस्ती झाले, शिकले, चामडं कापायची रापी खाली ठेवली. "ती हातातून सुटायला दोन पिढ्या लागल्या रे," वडील म्हणाले होते, "आणि तू बी.ए. होऊन उचलतोस?" मी तरीही उचलली.

पण लिहायचं आहे ते इंदूबाईंबद्दल.

इंदूबाई सोनगीरच्या पलीकडच्या एका खेड्यातल्या. विधवा, मूलबाळ नाही. गावच्या शाळेत मुलांची खिचडी शिजवायचं काम. त्यांचा रोग केव्हाच बरा झालेला, चेहऱ्यावर काही खूण नाही, हात धड. फक्त उजवा तळपाय बधिर, आणि अंगठ्याच्या मुळाशी एक जखम, जी भरायची आणि उघडायची. गावात कोणाला काही माहीत नव्हतं. धुळ्याला मावसबहिणीकडे जाते असं सांगून त्या इस्पितळात यायच्या.

मी त्यांना जोडी करून दिली. पुढच्या खेपेला जखम पुन्हा उघडलेली. चप्पल हातात घेऊन उलटी केली, तर सोल कोरा. आमच्या रबराला चालणं लपवता येत नाही. कोण कुठे जोर देतो, किती चालतो, सगळं तळावर उमटतं. या तळावर काहीच नव्हतं.

"इंदूबाई, ही घातलेलीच नाही तुम्ही."

त्या ओशाळल्या. "खोटं काय सांगू भाऊ तुमले. ष्टँडवर उतरनी का पायमां घालस. जाताना काढीसनी पिशवीमां."

"पण का?"

"गावमां बठ्ठासले माहित शे, हाई काळी जाड चप्पल कोना पायमां ऱ्हास." आवाज एकदम खाली गेला. "मी पोरेसनी खिचडी रांधस, भाऊ. मना हातनं कोन खाई मंग?"

मी डॉक्टरांचं सांगितलं. पुन्हा उघडली आणि हाडात गेली तर पाय जाईल.

"पाय गया ते कुबडी लिसू," इंदूबाई म्हणाल्या. "काम गयं ते काय खासू?"

त्यांचं म्हणणं खरं होतं. आमची चप्पल ओळखू यायची. काळा जाड तळ, काळे रुंद पट्टे, मागे बक्कल. वर्षानुवर्षं एकच नमुना. आम्हाला त्याचा अभिमान होता. पाय वाचवायला दिलेली ही चप्पल माणसाला गावातून उठवू शकते, याचा विचार नमुना ठरवणाऱ्यांनी केला नव्हता, मीही नाही. मी पट्ट्यांचा रंग बदलून पाहिला. तळ तोच राहिला. बाजारातली बायकांची सँडल आणून तिच्यात आमचं रबर बसवलं. आत जागाच उरेना, आणि पट्ट्याखाली बारीक खिळे निघाले. ती जोडी मी भीतीने त्यांना दिलीच नाही.

त्यानंतर माझी झोप कमी झाली. माझ्या रोग्यांना स्वतःच्या पायाची काळजी वाटत नाही याची मला सवय होती. इथे बाईंना सगळं समजत होतं, आणि समजूनही त्या अनवाणी चुलीपाशी उभ्या राहत होत्या. त्यांची यायची तारीख जवळ आली की मी फाटकाकडे नजर लावून बसायचो. उशीर झाला की वाटायचं, कापायला दुसरीकडे नेलं असेल.

याच सुमारास पवित्र गुरुवार आला. प्रभूने शिष्यांचे पाय धुतले त्या संध्याकाळची आठवण म्हणून आमच्या चर्चच्या मंडळीत पाय धुण्याचा विधी असतो. आमचे पाळक भले गृहस्थ. ते घरी आले आणि एस्तेरला म्हणाले, "बाई, यंदा एक कल्पना आहे. तुमच्या इस्पितळातले काही रोगी आणा. मंडळीसमोर मी त्यांचे पाय धुतो. करुणेचा मोठा धडा होईल."

एस्तेर भाजी निवडत होती. ती म्हणाली, "पाळकसाहेब, त्यांचे पाय मी रोज धुते. त्यांना धड्यासाठी कशाला आणायचं? निम्मे लोक तोंड लपवून येतात."

"मग आम्ही काहीच करायचं नाही का?"

"करा ना. त्यांची चप्पल घालून चाला."

पाळक हसले. मग हसू आवरून म्हणाले, "म्हणजे?"

"म्हणजे तुम्ही, तुमच्या मिसेस, मी, आपल्या सगळ्या बायका. बाजारात, बसमध्ये, सोयरिकीला जाताना. सगळ्यांच्याच पायात असली की ती कोणाचीच राहत नाही. माझी टाच दुखते, तुम्हाला शुगर आहे. दोघांनाही ती चांगलीच. खोटं काही नाही."

"आणि लोकांना वाटलं, आम्हालाच...?"

"वाटेल की," एस्तेर म्हणाली आणि मेथीच्या काड्या बाजूला केल्या. "तेच तर."

त्या गुरुवारी वेदीपुढे पाण्याचं घंगाळ ठेवलं नाही. कागद ठेवले. मी गुडघ्यांवर बसलो होतो, हातात पेन्सिल. ज्याला घालायची असेल त्याने येऊन कागदावर पाऊल ठेवायचं आणि मी भोवती रेघ काढायची. बराच वेळ कोणी उठलं नाही. मला वाटलं, एस्तेर एकटीच पडणार. मग एक म्हातारी आली, "टाचा फुटल्यात रे बाबा, बघू नको," म्हणत. मग चार-पाच बायका, एकमेकींना ढकलत. एक पुरुष आला, त्याच्या मोज्याला भोक होतं, तो अंगठा मुडपून उभा राहिला आणि माप चुकलं. सगळ्यांत शेवटी पाळक आले. त्यांनी मोजा काढून पाऊल ठेवलं. मी वर पाहिलं नाही.

इस्पितळाच्या प्रमुखांनी परवानगी दिली, पण कामाच्या वेळेनंतर आणि मंडळीच्या मालावर. पाळकांच्या शुगरच्या पायाला त्या चपलेने खूप आराम पडला. त्याचं श्रेय ते आजतागायत पवित्र आत्म्याला देतात, चांभारकामाला नाही.

एस्तेर मात्र ती चप्पल काढेनाच. त्याच दिवसांत आमच्या मुलीला, हन्नाला, स्थळ आलं होतं, जळगावचं, पिंप्राळ्यातलं. मुलगा बँकेत, माणसं चांगली. निघायच्या सकाळी मी एस्तेरला म्हणालो, "आजचा दिवस दुसरी घाल."

"का?"

"तुला माहीत आहे का ते."

"माहीत आहे, म्हणून तर विचारते," ती म्हणाली आणि बक्कल लावलं.

बसमध्ये पारोळ्यापर्यंत मी प्रार्थना करत होतो, ती काय होती ते लिहीत नाही. पिंप्राळ्याच्या त्या घरी ओट्यावर चपला काढल्या. रंगीत सँडलींच्या ओळीत ती काळी जोडी एखाद्या म्हशीसारखी बसली होती. पोहे झाले, चहा झाला, मुलगा-मुलगी बोलली, हन्नाचा चेहरा उजळलेला दिसला. निरोप घेताना मुलाच्या आईने ओट्यावर हळूच विचारलं, "ताई, राग मानू नका. ही चप्पल... पायाला काही त्रास?"

"टाच दुखते," एस्तेर म्हणाली.

मी श्वास सोडला. तेवढ्यात ती पुढे म्हणाली, "आमच्या इस्पितळात कुष्ठरोग्यांसाठी बनवतात ही. हेच बनवतात." तिने माझ्याकडे बोट दाखवलं. "फार मऊ असते. तुमचं माप देऊन ठेवा हवं तर."

त्या बाई हसल्या. ते हसणं मी ओळखतो.

परतीच्या बसमध्ये हन्ना म्हणाली, "आई, एक दिवस. फक्त एक दिवस काढली असतीस."

"काढली असती," एस्तेर म्हणाली. "मग इंदूबाईला घाल म्हणून कुठल्या तोंडाने सांगू?"

"कोण इंदूबाई?"

एस्तेरने सांगितलं. हन्ना खिडकीकडे तोंड करून बसली, ती धुळे येईपर्यंत. पिंप्राळ्याहून निरोप आला नाही. हन्नाचं लग्न अजून जमलेलं नाही. त्या चपलेमुळेच असं म्हणणं अन्यायाचं होईल, पण ती मनातून जात नाही.

पुढे एस्तेर आणि मंडळीतल्या दोघी सोनगीरच्या बाजाराला जायला लागल्या. मला धास्ती होती. इस्पितळाची माणसं तिकडे दिसली, कोणी दोन आणि दोन चार केले, तर इंदूबाईंचंच नाव बाहेर पडायचं. एस्तेरने मला बजावलं होतं, की त्या इंदूबाईंशी एक शब्द बोलणार नाहीत, ओळखही दाखवणार नाहीत. नुसती भाजी घेणार.

भाजीवालीनेच पहिल्यांदा विचारलं. "बाई, पायले काय व्हयनं वो?"

"टाच दुखते. सकाळी उठलं की पाय टेकवत नाही."

"हा गं माय! मनी बी दुखस!"

आणि पेठेच्या कडेला टाचदुखीची सभाच भरली. आपल्याकडच्या बायका जन्मभर फरशीवर उभ्या असतात. दुखत नाही अशी टाच शोधावी लागेल. त्या सभेत इंदूबाईंच्या शाळेतली मोठी स्वयंपाकीण होती, अंगाने भारी, आवाजाने त्याहून. सगळे तिला अक्का म्हणत. तिने एस्तेरची चप्पल तिथेच पायात घालून चार पावलं टाकली आणि जाहीर केलं, "हाई माले पाहिजे. कोठे भेटस?"

अक्काची जोडी मी दोनदा उसवून पुन्हा शिवली. जोडी गावी गेली, आणि मग नुसती वाट पाहणं. इंदूबाईंची तारीख आली, त्या आल्या नाहीत. पुढचीही गेली. विचारायला माणूस पाठवता येईना. एस्तेर रोज ड्रेसिंगच्या खोलीतून बाहेर येऊन मान हलवायची.

शेवटी त्या आल्या, तापाने फणफणलेल्या. जखम हाडात गेली होती. अंगठा आणि त्याच्या शेजारचं बोट काढावं लागलं. पाय राहिला. शुद्धीवर आल्यावर त्यांनी पिशवीकडे बोट केलं. मी चप्पल काढून उलटी केली. सोल झिजलेला होता, टाचेशी जास्त, चुलीपाशी उभं राहणाऱ्या माणसाचा झिजतो तसा. अक्काने घातल्यानंतर आठवड्याने त्यांनी घातली होती. थोड्या आधी घातली असती तर, हा विचार मी करत नाही असं म्हणणं खोटं होईल. बोटांचं गावात त्यांनी सांगितलं, खिचडीचं पातेलं पडलं. तेही खपलं. त्या पुन्हा कामावर गेल्या, आणि त्यानंतर जखम उघडली नाही.

एस्तेर गेल्यावर तिसऱ्या दिवशी घरी सांत्वनाची प्रार्थना होती. आमच्यात दुःखाच्या घरी चूल पेटत नाही, जेवण बाहेरून येतं. त्या दिवशी दारात रिक्षा थांबली आणि इंदूबाई उतरल्या, हातात मोठं पातेलं. मागून अक्का, भाकरींची टोपली घेऊन. बाजारातल्या ओळखीच्या चांगल्या बाई वारल्या म्हणून अक्का आली होती. तिला तेवढंच माहीत होतं.

प्रार्थना झाली, ताटं मांडली. मंडळीतल्या एका बाईने सहज विचारलं, "तुम्ही एस्तेरबाईंना कशा ओळखता? नात्यातल्या का?"

मला वाटलं, आता त्या सांगतील, बाजारातली ओळख. मी मनात म्हणत होतो, तेच सांगा. अक्का शेजारीच होती.

इंदूबाईंनी पळी पातेल्यात ठेवली. "आधी मनं ऐका, मंग ताट पुढे करा," त्या म्हणाल्या. "माले महारोग व्हता. औषध पुरं व्हयी गयं, डाक्टर म्हने बरी शे. पन पाय हाऊ असा शे." त्यांनी लुगडं वर करून पाय पुढे केला. "ह्या बाईनी हाऊ पाय धुया. तिना घरमां माले खोटं बोलता येत नही. ज्याले खावानं नही त्यानी खावू नका. माले राग नही."

मी अक्काकडे पाहिलं. तिची नजर त्या पायावर होती, मग पातेल्यावर, मग स्वतःच्या हातातल्या भाकरीवर. हे सगळं शाळेत गेलं तर काय होईल ते मला दिसत होतं, आणि त्यात मी काहीही करू शकत नव्हतो. उठून ताट घ्यावं हेसुद्धा मला सुचलं नाही.

हन्ना उठली. तिने आपलं ताट इंदूबाईंपुढे धरलं.

"वाढा मावशी."

मग पाळकांनी धरलं. मग इतरांनी, काहींनी लगेच, काहींनी इकडेतिकडे बघून. दोघीजणी काम आहे म्हणून निघून गेल्या. अक्का सगळ्यांच्या शेवटी जेवायला बसली. थोडंच जेवली. जाताना रिक्षात दोघी शेजारी बसल्या होत्या, एक एका बाजूला बघत, दुसरी दुसऱ्या.

ते दिवस सुट्टीचे होते. शाळा सोमवारी उघडणार होती. त्या सोमवारी मी आणि हन्ना सकाळपासून फोनभोवती फिरत होतो. करावा की नाही, ठरेना. कामावरून काढलं असेल तर आपल्या फोनने काय होणार? आपल्या दुःखाच्या घरात त्या बाईंनी स्वतःची भाकरी घालवली, असं काहीतरी मी बोललो, आणि हन्ना म्हणाली, "बाबा, गप्प बसा." दुपारी जेवायच्या सुट्टीच्या सुमाराला तिनेच नंबर लावला आणि फोन माझ्या हातात दिला.

बराच वेळ वाजला. मग उचलला गेला, आणि आधी नुसता गोंगाट ऐकू आला. ताटांचा खणखणाट, पोरांची ओरड, आणि कुठेतरी अक्काचा तो भारी आवाज, मीठ मागत.

"इंदूबाई? मी बोलतोय. कसं काय तिकडे?"

"भाऊ, आते बोलाले टाइम नही," इंदूबाई म्हणाल्या. "पोरं ताटं लिसन बठी गयात. नंतर फोन करस."